मेंडोलिनची जवारी

कौसाबाईला कुठंही ताणलेली तार दिसली की ती वाजवून बघायची. कपडे वाळत घालायची वलणी, सायकलचे आरे, कुणाच्या मळ्याचं कुंपण, काहीही. नखानं टिचकी मारायची, मान तिरकी करून ऐकायची आणि निकाल द्यायची, "मेली हाय." एखादी तार बरी वाजली तर म्हणायची, "जित्ती हाय, पर दुखायलंय तिला कुठंतरी." वस्तीतली माणसं हसायची. तिला त्याचं काही नव्हतं. गावाला आग लागल्यापासून तिला बऱ्याच गोष्टींचं काही नव्हतं.

ती आमच्या तात्यांच्या गायन पार्टीत मेंडोलिन वाजवायची. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. जयंती, लग्न, बारसं, कुठंही बोलावलं की पार्टी निघायची. पुढं पेटी घेऊन तात्या, शेजारी ढोलकी, मागं कोरस आणि अगदी कडेला मांडी घालून कौसाबाई. बाई वाजवते म्हणून लोक मुद्दाम बघायला यायचे, आणि ती मुद्दाम त्यांच्याकडं अर्धी पाठ करून बसायची. "कानानं बघा म्हनावं," म्हणायची.

उंच, काटकुळी, मिश्रीनं काळे झालेले दात. हसली की एकदम वात्रट दिसायची. गाणाऱ्या सगळ्यांना ती भोंगे म्हणायची, तात्यांनासुद्धा, तेही तोंडावर. तुम्ही का गात नाही असं कुणी विचारलं तर हात पुढं करायची, "मला गळा न्हाई, बोटं हायती." पेटीचा तिला मनापासून राग होता. "पेटी म्हंजे सरकारी हापिस. ठरल्या खिडकीतूनच सूर मिळनार. दोन खिडक्यांच्या मधी हुबा राहिलेला मानूस तसाच वापस."

मी तेव्हा डी.एड.ला होते आणि सुट्टीत कोरसमध्ये गायचे. संगीताची पहिली परीक्षा पास झालेली, दोन वेण्या, हातात सारखं पुस्तक. नातवंडांना मी अजून सांगते की त्या काळी परभणीत संगीतातलं सगळ्यात जास्त तुमच्या आजीला कळायचं. ते खोटं नाही. तसं माझ्याशिवाय कुणाला वाटत नव्हतं, एवढंच.

कौसाबाईचं मेंडोलिन तिच्या बापाचं. बापाकडं ते कुठून आलं हे ती दर वेळी वेगळं सांगायची. एकदा निजामाच्या बँडातल्या शिपायानं दिलं. एकदा हैद्राबादच्या कुठल्याशा थेटरात पडद्यामागं सापडलं. एकदा पूर्णा स्टेशनावर पत्त्यांत जिंकलं. मी शिकलेली, मी लगेच पकडलं. "मावशी, मागच्या वेळी तुमी शिपाई म्हणाला होता."

"मग? शिपाई पत्ते खेळत न्हाई का?"

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि थोड्याच दिवसांत आमच्या भागातली गावं पेटली. तिचं गाव ताडकळसच्या बाजूचं. नाव सांगत नाही, तिथं आता माझी एक भाची नांदते. पेटवणाऱ्यांत एकजण असा होता, की त्याच्याच वरातीत कौसाबाईनं वाजवलं होतं. हे सांगताना वरातीत कोणतं गाणं वाजवलं तेही ती सांगायची.

बापाला घेऊन ती परभणीला आमच्या वस्तीत आली ती अंगावरच्या लुगड्यानिशी. मेंडोलिन घरातच राहिलं. राखेत खुंट्यांच्या लोखंडी पट्ट्या तेवढ्या निघाल्या होत्या. त्या तिनं आणल्या नाहीत. "मेल्या मानसाचे दात कुनी घरी आनतं का?" म्हणाली.

म्हातारा त्याच थंडीत गेला. आणि इथं खरी पंचाईत झाली, जी कौसाबाईशिवाय कुणाच्या लक्षात आली नाही. वाजवायची ती, पण वाद्य लावायचा बाप. तारा चढवणं, तारांखालची घोडी बसवणं, मानेवरचे पडदे घासणं, सगळं त्याच्या हातचं. तिला आयुष्यभर लावलेलं वाद्य मांडीवर मिळत आलं होतं. "मी आयत्या ताटावर बसनारी," ती म्हणाली. "चूल कशी पेटवायची इचारायचं राहूनच गेलं."

माघ लागला तशी तात्यांकडं एप्रिलातल्या जयंतीची बोलावणी येऊ लागली. तात्या काही वाईट माणूस नव्हते. पार्टीतल्या सगळ्यांच्या चुली त्यांच्या गळ्यावर पेटायच्या. मेंडोलिनशिवाय गाणं उघडं पडत होतं म्हणून त्यांनी पूर्णेचा एक बेंजोवाला बोलून ठेवला आणि कौसाबाईला समोर बसवून सांगितलं, "कौसे, जयंतीपतूर वाद्य आन. तुझी जागा तुझी. न्हाई झालं तर मग त्यो कायमचा. दोघांना न्हाई पुरत गं पार्टी."

ती तेव्हा एका जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. नवरा कधीचा मुंबईला जाऊन तिकडचाच झालेला, लेकरू नाही. त्या दिवशी केसांतली कापसाची बोंडूरं काढत ती माझ्याजवळ बसली. "सुमे, पार्टीत न्हाई तर मग मी कोन? जिनिंगातली एक बाई. तसल्या लय हायत. हजेरी घेनाऱ्याला बी माझं नाव म्हाईत न्हाई, 'ए उंच' म्हनतो." रडत नव्हती. बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. मला रडणाऱ्या माणसाचं कधी भय वाटलं नाही, पण त्या दिवशी तिचं वाटलं.

मेंडोलिन घ्यायला आम्ही दोघी गेलो. मला जाणकार म्हणून नेलं आहे असा माझा समज होता. खरं म्हणजे दुकानदार शिकलेल्या पोरीला अरेतुरे करत नाही म्हणून नेलं होतं. दुकान असं, की तिथं वाद्यं, सायकलचे टायर आणि शिलाई मशीनचं तेल एकाच फळीवर. माझी नजर एका लाल चकचकीत मेंडोलिनवर गेली. कडेनं मोत्यासारखी नक्षी, वर गुलाबाचं फूल रंगवलेलं. "मावशी, हेच," मी म्हणाले, आणि वर पुस्तकातलं काहीतरी म्हणाले, नादगुण वगैरे.

कौसाबाईनं ते उचललं, एक डोळा मिटून त्याच्या मानेवरून बघितलं, पेरणीचा तास सरळ आहे का बघतात तसं. पाठीवर टिचकी मारली, कलिंगडाला मारतात तशी. मग परत ठेवलं. "ही नवरी हाय. मला कामाची बाई पायजे."

कामाची बाई तिथं होती. साधं, पिवळसर लाकडाचं. तिनं मांडीवर घेतलं, एकच तार छेडली आणि तव्याला हात लागावा तसं लगेच खाली ठेवलं. किंमतही विचारली नाही. मग टायरांच्या मागं लटकलेलं एक धुळकट मेंडोलिन तिनं मागितलं. पाठीला भेग, लाखेनं बुजवलेली. पडदे घासलेले. पुन्हा एक डोळा मिटून बघितलं. "मान वाकलीय हिची."

"मग नको ना, मावशी."

"सरळ मानंचं आपल्याला परवडत न्हाई, बाय." दंडातली चांदीची येळ तिनं तिथंच उतरवली. दंडावर पांढरा वळ राहिला होता, त्यावरून ती वाटभर हात फिरवत होती. मेंडोलिन पोत्यात गुंडाळून आणलं.

घरी आल्यावर कळलं काय आणलंय ते. तारा पडद्यांपासून इतक्या उंच, की दाबायला बोटाऐवजी गुडघा लावावा. तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात, ती खालचा सूर एक आणि वरचा दुसराच दाखवत होती. खालचा सा आणि वरचा सा एका बापाचे वाटत नव्हते. मी माझ्या पुस्तकाप्रमाणं तार पेटीशी जुळवायला बसले आणि खुंटी पिळत पिळत ती तोडली. कौसाबाईनं तुटलेली तार गुंडाळून बाजूला ठेवली. ती रोज जिनिंगवरून येऊन बसायची, बोटांतून रक्त यायचं, ते पदराला पुसायची आणि परत बसायची. जेवायला बोलावलं तर "हे लागू दे मग," म्हणायची. ते लागत नव्हतं आणि ती जेवत नव्हती.

शेवटी गफूरचाचांकडं गेलो. सतार-तंबोरे दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ, डोळ्यांना जाड भिंगं. त्यांनी मेंडोलिन कानाशी धरलं, घोडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जवारी काढना पडती इसकी. कल सुबू आव, बाई. दिन जाता."

"येते की," कौसाबाई म्हणाली. "दिस गेला तर जाऊ द्या."

घोडीचा माथा असा घासायचा की तार त्याला हलकी चाटून जावी आणि सूर गुंजावा, याला वाद्यवाले जवारी काढणं म्हणतात. माझ्या पुस्तकात तंबोऱ्याच्या चित्राखाली ते छापलेलं होतं आणि मला पाठ होतं. म्हणून मी ज्ञानी चेहरा करून नुसती मान डोलवली. पण आमच्याकडं ज्वारीलाही जवारीच म्हणतात, आणि दिवस काढणीचे होते. सकाळी मी चाचांच्या दारात पोचले तर कौसाबाई माझ्या आधी आलेली. डोक्याला फडकं, कमरेला विळा, हातात भाकरीचं गाठोडं. जिनिंगचा खाडा करून आली होती. चाचांच्या बायकोला विचारत होती, "रान कोनीकडं हाय, भाबी? ऊन व्हायच्या आत दोन पाथी उरकते."

"कैसा रान, माँ? हमारेकू किदर का खेत?"

"मग जवारी कुनाची काढायची?"

भाबी आधी हसली, मग चाचा हसले, मग मी, सगळ्यांत मोठ्यानं, कारण मला अर्थ माहीत होता. मेहनताना म्हणून चाचांनी रान काढायला सांगितलं असं तिला वाटलं होतं. त्यात तिला काही वावगंही वाटलं नव्हतं. उलट रात्री झोप लागली होती म्हणाली, कारण हे काम तिला येत होतं. ती पण हसली. पायरीवर बसून पोट धरून हसली, आणि मग आम्ही थांबलो तरी ती थांबेना, आणि भाबीनं जवळ जाऊन तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते हसणं केव्हाच संपलेलं आहे.

चाचांनी दिवस लावून जवारी काढली. पैसे घेतले नाहीत, भाकरी मात्र वाटून खाल्ली. संध्याकाळी तार छेडली तर मेंडोलिनमधून गांधीलमाशी अडकल्यासारखी गूं निघाली. चाचांचे डोळे भरून आले. "अब बोल रई." त्यांचं उभं आयुष्य तंबोऱ्यात गेलेलं. जे गुंजत नाही ते त्यांच्या लेखी सरपण.

"चाचा, ही बोलत न्हाई, कन्हत हाय," कौसाबाई म्हणाली. चाचांना राग आला. "तुमना कान नै, बाई." असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती मेंडोलिन घेऊन उठली आणि घरापर्यंत एका तारेलाही तिनं टिचकी मारली नाही.

तात्यांनी ऐकलं. पूर्ण ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. मग डोळे न उचलता म्हणाले, "कौसे, पेटीशी लागंना गं." बेंजोवाल्याला निरोप गेला, पाथरीच्या कार्यक्रमाला यायचा.

त्या दुपारी मी तिच्या पत्र्याच्या खोलीत गेले तर ती मेंडोलिन आडवं टाकून घोडीवर गरम पाण्याची चिंधी ठेवून बसली होती. मला म्हणाली, "दार लाव." मग घोडी दोन्ही हातांनी धरून उपटली. घोडी मेंडोलिनला चिकटवायची नसते, नुसती तारांच्या दाबावर उभी राहते, हे आम्हां दोघींनाही ठाऊक नव्हतं. दुकानदारानं किंवा कुणी आधीच्यानं ती सरसानं चिकटवून टाकली होती. निघाली ती लाकडाचा टवका घेऊनच. मी ओरडले. कौसाबाई मात्र वाकून बघत राहिली. चिकटवलेल्या जागेच्या थोडं अलीकडं पॉलिशवर एक फिकट रेघ होती, जुन्या घोडीची. "इथं राहत होती ती," ती हळूच म्हणाली. "भलत्याच घरी नांदवायलेत तिला."

नवी घोडी कशाची करायची? तिची नजर माझ्या डोक्याकडं गेली. माझ्याकडं शिसवी फणी होती, आजीकडून आलेली, आणि मी ती वेणीत खोचून मिरवायचे. मी काही म्हणायच्या आत ती तिच्या हातात होती. दातांची बुडखी ठेवून बाकी तिनं कापून काढली, काचेच्या तुकड्यानं खरवडली, दगडावर घासली. बुडख्यांच्या फटींत तारा नेमक्या बसल्या. मी महिनाभर विस्कटलेल्या केसांनी कॉलेजला गेले आणि मैत्रिणींना सांगितलं की आता अशीच फॅशन आहे.

मग आमच्या घरी बसून घोडी सरकवायची. मी पेटीवर सा धरायचा, तिनं वरच्या सप्तकातला सा वाजवायचा, घोडी केसभर इकडं, केसभर तिकडं. आईनं दोनदा येऊन बघितलं आणि डोकं ठीक आहे का विचारलं. एका क्षणी दोन्ही सा एकमेकांत असे मिसळले की मला वाटलं पेटीचा भाता थांबलाय. कौसाबाईनं डोळे मिटले. "बापाला म्हाईत होतं," म्हणाली. "सांगितलं न्हाई भडव्यानं."

पण वाकलेली मान वाकलेलीच. घोडी उंच ठेवली तर बोटं फाटायची, खाली घेतली तर वरचे पडदे मुके व्हायचे. तिनं खाली घेतली. वरचे पडदे मेले. आणि तात्यांचं जयंतीचं मोठं गाणं तिसऱ्या कडव्यात नेमकं तिथंच चढायचं.

"मग कसं, मावशी?"

"तारा चढवायच्या. अख्खी मेंडोलीच वर न्यायची. मग वरचा सूर खालच्या पडद्यावर गावतो."

"मान मोडंल."

"गाण्याच्या आधी मोडली न्हाई म्हंजे झालं."

पाथरीला मैदान गच्च भरलं होतं, निळे झेंडे, दिवे नुकते लागलेले. गावागावांतून माणसं आली होती. त्यांतली कित्येक मागच्या पावसाळ्यात घरं गेलेली. बेंजोवाला इस्त्रीचा शर्ट घालून मंचावर बसला होता. बिचारा गरीब होता, मला सारखा "ताई, पानी हाय का?" विचारत होता. कौसाबाई नेहमीच्या कडेला; आज दोघंही बसा, मग ठरवू, असं तात्या म्हणाले होते. मंचामागं तिनं एकेक खुंटी पिळली तेव्हा मी कानांवर हात ठेवले होते.

तिसरं कडवं आलं. तात्यांचा गळा चढला, आणि मेंडोलिन त्यांच्या आधी तिथं जाऊन बसलं होतं. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. ताणलेला, किंचित किंचाळल्यासारखा, कुठल्याही क्षणी तुटेल असा, आणि तुटत नव्हता. बेंजोवाल्यानं हात उचलून मांडीवर ठेवले. आणि कौसाबाईंनी त्या दिवशी लोकांकडं पाठ केली नव्हती. समोर बघून वाजवत होत्या. कोरसमध्ये उभी राहून मी गायचं विसरले, आणि माझ्या नसण्यानं गाण्याला काहीही फरक पडला नाही, ही गोष्ट मला तेव्हा फार लागली होती. आता मजा वाटते.

गाणं संपल्यावर तात्यांनी माईकवरून सांगितलं, "मेंडोलिनवर, आमच्या कौसाबाई." त्यांनी वाजवणाऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. लोकांनी टाळ्या थांबवल्याच नाहीत. बेंजोवाल्याला तात्यांनी गाडीभाडं दिलं आणि पाठीवर हात ठेवून रवाना केलं.

सामान बांधताना मी तिच्याजवळ गेले. ती पाठमोरी होती. मेंडोलिनची मान जिथं पोटाला जोडलेली असते तिथं बोट जाईल एवढी फट पडली होती. तारा अजून ताणलेल्याच होत्या, आणि फट बघता बघता रुंदावत होती. ती घाईघाईनं खुंट्या सैल करत होती.

"तात्याला सांगू?"

"गप. उद्या सोनपेठ हाय."

"उद्या वाजणार कसं पण?"

तिनं पुढची खुंटी धरली.

सकाळी पाथरीच्या स्टँडवर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. माझी परीक्षा होती, मी परभणीच्या गाडीला. पार्टी सोनपेठच्या. त्यानंतर माझी नेमणूक झाली, लग्न झालं, लेकरं झाली. तात्यांचा गळा बसला आणि पार्टी मोडली; सोनपेठला काय झालं ते त्यांना विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं. कौसाबाई कुणी म्हणे औरंगाबादला गेली, कुणी म्हणे मुंबईला नवऱ्याच्या शोधात. चौऱ्याण्णवला नामांतर झालं, शाळेत पेढे वाटताना माझ्या मनात आलं की आज ती कुठं असेल आणि हातात काय असेल. विचारणार कुणाला?

मी शेवटचं पाहिलं ते सोनपेठच्या एसटीच्या खिडकीत. तात्या तिच्या शेजारी बसले होते, खुशीत, पुढच्या कार्यक्रमांची गावं बोटांवर मोजत होते. आता पार्टीच्या पाटीवर तुझं नाव लिहून घेऊ, असं काहीतरी म्हणत असावेत. ती मान हलवत होती. मेंडोलिन मांडीवर उभं, त्यावर पदर, आणि पदराखाली मानेच्या जोडावर तिची मूठ. नुसती धरलेली नाही, आवळलेली, मनगटाच्या शिरा वर आलेल्या. मी हात केला. तिनं बघितलं, पण हात केला नाही. करता आला नसता. गाडी गचका देऊन निघाली तेव्हा सगळे मागं कलंडले, तात्यांची टोपी पडली. ती एकटी जागची हलली नाही.